काटकोनी

नव्या पोरांना शिकवतात,
पंथ उभा राहिला तेव्हा आभाळ उसवलं,
नऊ सूर्य एका रेषेत आले, वगैरे.
मी होतो तिथं. सूर्य एकच,
तोही मावळून दोन तास झालेले,
आणि लिंबाजीला उचकी लागली होती.

औंढ्याच्या माळावर दोन बोगदे,
कोस कोस लांब, एकमेकांना काटकोनात.
तारे एकमेकांवर आपटले की
जागा किती हलते ते मोजायला
चार पिढ्यांमागच्या माणसांनी बांधलेले.
माणसं गेली. आरसे राहिले
काचेच्या धाग्यांवर लटकत, अंधारात.

धुरपता खुडे ते आरसे पुसायची.
पगार देणारं सरकार उरलं नव्हतं
तरी दर सोमवारी यायची, चपला बाहेर काढून.
तिनंच पहिल्यांदा सांगितलं :
घडीवाले येतात तेव्हा कुत्रं भुंकत नाही,
रडारला काही दिसत नाही,
पण आरसा अंग चोरतो.

घडीवाले
(तुम्ही पाहिले नाहीत, बरं झालं)
अवकाशाला धोतरासारखी घडी घालून
तिकडून इकडं पाऊल टाकायचे.
कळमनुरी त्यांनी एका दुपारी घडीत घेतली.
सकाळी आठवडी बाजार,
संध्याकाळी नुसतं सपाट रान
आणि रानात येऊन संपलेला डांबरी रस्ता.

सात जण होतो.
धुरपता. मैनोद्दीन वेल्डर.
हेमला आडे, जो गोरबोलीत मोजायचा
आणि मराठीत शिव्या द्यायचा.
शिरड शहापूरच्या दोघी बहिणी,
त्यांचं बांगड्यांचं दुकान कळमनुरीत होतं.
लिंबाजी. आणि वही घेऊन मी,
कारण बाकी कुणाचं अक्षर लागत नव्हतं.

आधी भांडणच झालं.
हेमला म्हणाला, नुसतं ऐकून काय करायचं? मुडदे मोजायचे?
धुरपता म्हणाली, न ऐकता धावशील तर मारशील कुणाला, वाऱ्याला?
रात्र अशीच गेली असती.
मैनोद्दीननं पिशवीतून बापाचा गुण्या काढला,
गंजलेला, गवंडीकामाचा. फरशीवर ठेवला.
ही बाजू ऐकणाऱ्यांची, म्हणाला. ही लढणाऱ्यांची.
कोपऱ्यात दोघांनी उभं राहायचं.
कोपरा सुटला की भिंत गेली.

आज जी शपथ अर्धा तास चालते
ती तेव्हा एवढीच होती.

एक आरसा तडकलेला होता. त्याचा धागा तापवून
मैनोद्दीननं सात तुकडे ओढले,
केसाहून बारीक, वावभर लांब.
घडीची कड त्यानंच उसवते
हे तेव्हा फक्त अनुमान होतं.

तेवढ्यात भिंतीवरचा उजेडाचा ठिपका हलला.

हेमला उठलाच, धागा ताणून, पश्चिमेच्या बोगद्यात,
मागून आम्ही, धापा टाकत, कोसभर.
लिंबाजीची उचकी थांबली.
टोकाला कुणी नव्हतं.
आपल्याला उठलेलं बघून परतले, थोरली म्हणाली,
आणि सगळ्यांनी ते धरून ठेवलं.
धुरपतानं आरशावरची धूळ बोटानं
एकेकाच्या कपाळाला लावली.

मी सगळ्यात शेवटी बाहेर आलो.
जिंतूरच्या रस्त्यावर गिट्टीचा टिप्पर
चढ चढत होता, पहिल्या गिअरमध्ये.

वहीत ते नाही.

तीन महिन्यांनी ते खरोखर आले
आणि कोपऱ्यात आम्ही उभे होतो.
हेमला गेला. धाकटी गेली. हिंगोली राहिली.
काटकोनी हे नाव लोकांनी टिंगलीनं ठेवलेलं,
त्या दिवसानंतर कुणी हसलं नाही.
आता चाळीस ग्रहांवर पोरं गुण्यावर हात ठेवतात.

धुरपता जायच्या आदल्या रात्री
मी उशाशी बसलो होतो.
म्हणाली, त्या रात्री टिप्पर होता ना रे?
मी म्हणालो, कोणता टिप्पर?
हसली. अकरा वर्षं आरसे पुसलेली बाई.
भरलेला होता, म्हणाली.
रिकाम्याचं कापरं निराळं असतं.